मुंबईंतील दोन जुनीं हॉटेलें व त्यांविषयींच्या दोन दंतकथा

बखरी, फर्मानें व निवाडपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हॉटेलांसारखा विषय ह्या पृष्ठांवर पाहून थोडें नवल वाटेल. परंतु परगांवचा धनवान उतारू एखाद्या बंदराच्या शहरांत उतरला म्हणजे तो कोठें राहतो, व तीच जागा कां पसंत करितो, ह्यांत त्या शहराचा बराच इतिहास सांठविलेला असतो. शिवाय मुंबईच्या दोन प्रसिद्ध हॉटेलांभोंवतीं ज्या कथा रूढ झाल्या आहेत, त्यांपैकीं एकीनें आमच्याच एका स्थापत्यज्ञाचें नांव झांकून टाकलें आहे. म्हणून हा विषय घेतला आहे.

१८६० नंतरच्या दशकांत किल्ल्याचा तट पाडण्यांत आला व एस्प्लनेडच्या मोकळ्या जमिनीचे तुकडे विक्रीस निघाले. त्यांतील एक कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनीं घेतला व त्यावर लोखंडी सांगाड्याची एक अपूर्व इमारत उभी केली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लोखंडी भाग विलायतेंत ओतवून जहाजानें येथें आणिले व जागेवर जोडले. काम १८६७ ते १८६९ पर्यंत चाललें व १८७१ त हॉटेल सुरू झालें. मधल्या काळांत, म्हणजे नोव्हेंबर १८६९ त, सुएझचा कालवा खुला झाला होता. आगबोटींनीं येणाऱ्या युरोपीय उतारूंची संख्या वाढूं लागण्यास व हें हॉटेल तयार होण्यास एकच गांठ पडली.

त्या काळचा उतारू हॉटेल निवडतांना काय पाहत असे? पहिली गोष्ट बंदराचें सान्निध्य, कारण सामानाच्या पेट्या पुष्कळ असत. दुसरी वारा. विजेचे पंखे नव्हते तेव्हां वरच्या मजल्यावरची व सज्जाची खोली हीच खरी चैन. झुंबरें व गालिचे मागाहून. वॉटसनचें हॉटेल पांच मजली होतें, त्यास बाहेरून लांबच लांब सज्जे होते व अपोलो बंदर तेथून दूर नव्हतें. तेव्हां त्याचा लौकिक झाला यांत आश्चर्य नाहीं. १८९६ त अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथेंच उतरले, व मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत जें लिहिलें तें इंग्रजी वाचकांस परिचित आहेच. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं ह्याच इमारतींत.

आतां पहिली दंतकथा. जमशेटजी टाटा यांस वॉटसनच्या दारांतून हिंदी म्हणून परत पाठविलें, व त्या अपमानाचें उत्तर म्हणून त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधिलें, असें सर्वत्र सांगण्यांत येतें. युरोपीयांचीं हॉटेलें व क्लब हिंदी गृहस्थांस बंद असत, ही गोष्ट खरी. कथा तेवढ्यामुळेंच पटते. पण कथेस तारीख नाहीं, साक्षीदार नाहीं, समकालीन लेख नाहीं. ऐन एस्प्लनेडवर ज्यांचें स्वतःचें प्रशस्त घर होतें त्यांस त्याच भागांतल्या हॉटेलांत मुक्काम करण्याचें कारण काय? भोजनास गेले असतील असें कोणी म्हणेल. तें शक्य आहे, पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. नागपूरची एम्प्रेस मिल, पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था, असे बेत करणाऱ्या पुरुषास आपल्या शहरांत उत्तम हॉटेल असावें असें वाटण्यास अपमानाची गरज होती, असें आम्हांस वाटत नाहीं. १८९६ पासून प्लेगनें मुंबईचें नांव परदेशांत काळवंडलें होतें, हेंही विसरतां कामा नये.

दुसरी कथा अधिक अन्यायाची आहे. ताजमहालाचा आराखडा म्हणे एका परदेशी शिल्पज्ञाचा. तो येथें येऊन पाहतो तों इमारत उलटी बांधलेली, दर्शनी बाजू समुद्राकडे व दार पाठीमागें. म्हणून त्यानें आत्मघात केला! वस्तुस्थिति अशी कीं, मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखालीं व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर साहाय्यक इंजिनियर होते. म्हणजे नवशिके नव्हेत. ते १९०० त वारले व पुढील काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनीं पुरें केलें. मूळ शिल्पज्ञाचा मृत्यु व दुसऱ्याचा प्रवेश ह्या दोन खऱ्या गोष्टींतून आत्मघाताची कथा वाढली असावी, असा आमचा तर्क आहे.

इमारत उलटी आहे काय? मुळीं गाड्या पश्चिमेकडून, शहराच्या बाजूनें, येत व प्रवेश तिकडेच होता. मागील दोन पंख पश्चिमेस पसरलेले आहेत. मुंबईंत दुपारचा वारा पश्चिमेच्या समुद्राकडून येतो, हें येथील माणसास सांगावयास नको. त्या वाऱ्यास आंत घेण्यास ही रचना योग्यच आहे, आणि बंदराकडील खोल्यांस जहाजांचा देखावा मिळतो तो निराळाच. गेट वे ऑफ इंडियाकडे पाहून आज जो समोर-मागचा हिशेब करितात तो तर कालविपर्यास होय. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. गेट वेचा पाया १९१३ त घातला गेला व ती कमान १९२४ त पुरी झाली.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत वारले. आपलें हॉटेल चालू झालेलें त्यांस पाहावयास मिळालें तें जेमतेम पांच महिने. पुढें वॉटसनचें हॉटेल मागें पडून बंद झालें, इमारतीस महेंद्र मॅन्शन व नंतर एस्प्लनेड मॅन्शन हें नांव मिळालें, खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या. २००५ त तिच्या सज्जांचा कांहीं भाग कोसळला. ज्या सज्जांवरून उतारू वारा घेत तेच आधीं जावेत, हा योग खेदाचा खरा.

जुन्या हॉटेलांचीं बिलें, भोजनाचीं पत्रकें, उतारूंच्या नांवांच्या वह्या व सामानावर चिकटविलेल्या चिठ्ठ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पेट्यांत, पोथ्यांच्या वेष्टनांत किंवा एखाद्या रोजनिशींत असतील. त्यांची रद्दी होऊं न देतां त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. सीताराम खंडेराव वैद्य यांच्या हातचा एखादा नकाशा, किंवा केवळ पत्र, ज्यांच्या घराण्यांत असेल त्यांनीं तें प्रथम दाखवावें, अशी विनंति आहे.