रात्री दोनला ज्याची सकाळ होते
(परिचर्या संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

एपीएमसी मार्केटात भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीपासून लागू लागतात. मुंबईकर उठेपर्यंत त्यांची भाजी माथाडींच्या पाठीवरून उतरून, मापून गाळ्यावर मांडलेली असते. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी विद्यार्थिनींना घेऊन मी या भागात गेले होते. त्यातली एक मुलगी मधुमेह असलेल्या एका माथाडी काकांना ग्लिमेपिराइडची गोळी समजावून देत होती. "काका, ही सकाळी नाश्त्याच्या आधी घ्यायची." काका साताऱ्याकडचे. म्हणाले, "बाई, माझी सकाळ रात्री दोनला होते. तेव्हा नुसता चहा. भाकरी पोटात जाते दहाला. मग गोळी घेऊ कधी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ही गोळी घेऊन उपाशीपोटी गोण्या उचलल्या, तर साखर एकदम खाली येऊन माणूस ट्रकच्या फळीवरून कोसळू शकतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी त्यांच्या दिवसात बसेल असं उत्तर आमच्याजवळ तयार नव्हतं. तिच्या लॉगबुकात 'आरोग्य शिक्षण दिले' या रकान्यात बरोबरची खूण मात्र आधीच झाली होती.

संशोधन म्हणजे नेमकं काय, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी त्या खुणेची गोष्ट सांगते. सिस्टर बोलल्या, एवढं त्या खुणेवरून कळतं. काकांचं पुढे काय झालं ते कळत नाही. अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासायला तीन बाजू सुचवल्या: व्यवस्था काय आहे, काम कसं होतं आणि शेवटी रुग्णाच्या पदरात काय पडतं. आपले शोधनिबंध बहुधा पहिल्या दोन बाजूंत रमतात. व्याख्यानाआधी एक प्रश्नावली, व्याख्यानानंतर तीच प्रश्नावली, गुण वाढले की निष्कर्ष तयार. मला हे पुरेसं वाटत नाही.

तिसऱ्या बाजूपर्यंत पोचलं की काय हाती लागतं, हे लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं, की ती ७ टक्क्यांनी घटलेली. शिक्षण आणि रुग्णाचा जीव यांचं नातं एवढ्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच समोर आलं असेल.

आकड्यांत सहजी न येणारंही पुष्कळ आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होत्या. एवढा काळ अंथरुणाला खिळलेल्या देहाला त्यांच्या सहकारी परिचारिकांनी शय्याव्रणांपासून जपलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, हाताने भरवणं, पिढ्यान्‌पिढ्या, प्रत्येक ड्यूटीला. उत्तम परिचर्येचा पुरावा पुष्कळदा असा असतो: काहीतरी घडलेलंच नसतं. जे घडलं नाही ते मोजायचं कसं, आणि एका सिस्टरचे हात ते दुसरीला कसे शिकवतात? पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते निष्णात अशा पाच टप्प्यांची मांडणी केली, ती या वाटेवरची चांगली सोबत आहे.

आणि भाषा. याबद्दल मी जरा आग्रहीच आहे. वेदना मोजण्याची परदेशी साधनं आपण मराठीत उतरवतो, पुन्हा इंग्रजीत नेऊन ताडून पाहतो आणि निर्धास्त होतो. गोणी वाहणारा माणूस तुम्हाला 'शून्य ते दहा' सांगणार नाही. मान अवघडली, पाठ भरून आली, कमरेत चमक निघाली, गुडघा ठणकतो, पोटरीत गोळा आला, पाय बधिर झाला असं तो म्हणेल. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे. चमक पायापर्यंत उतरते का, बधिरपणा कुठल्या बोटांत आहे, हे पुढे विचारलं तर मणक्यातल्या नसेवरचा दाब वेळेवर लक्षात येऊ शकतो. रॉनल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांवर प्रश्नावली उभारली. आपल्या बोलीतले शब्द गाळ्यागाळ्यांवर जाऊन गोळा करण्याचं काम तुमच्यासाठी मोकळं आहे. या, त्याला हात घाला.

विषय छोटाच घ्या, पण मार्गदर्शकाच्या कपाटातल्या जुन्या प्रबंधातून उचलू नका. तुमच्या वॉर्डात, तुमच्या पोस्टिंगमध्ये ज्या प्रश्नाने तुम्हाला गप्प केलं, तिथून सुरुवात करा. नैतिक समितीची परवानगी, रुग्णाची संमती यांत घाई नको. दोनला कामावर आलेल्या माणसाला सहा पानी संमतीपत्र वाचायला वेळ नसतो. ते बसून, त्याच्या शब्दांत सांगावं लागतं.

त्या मुलीने आठवडाभराने काकांच्या चोवीस तासांचा तक्ता करून आणला: उठणं, चहा, पहिली गाडी, भाकरी, झोप. मुकादमाला विचारून तिने त्यांच्या टोळीतल्या आणखी तिघांचे तक्ते मांडले होते. आम्ही ते डॉक्टरांसमोर ठेवले. त्यांनी काकांची गोळी दहाच्या भाकरीआधी घ्यायला सांगितली, आणि मग उरलेले तीन कागद स्वतःकडे ओढून घेतले.