मोहाची फुलं टिकतात, हाच गुन्हा?

पावसाळ्यात गूळ पाघळतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. दारूचा दुसरा कच्चा माल म्हणजे मोहाची फुलं. तीही तशीच: साखर भरपूर, ओल लागली की आंबायला सुरुवात. पण कडक उन्हात वाळवून कोरडी ठेवली, की महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आदिवासी घरांत ती टंचाईच्या दिवसांत खाण्यासाठीही ठेवत. हे टिकणंच इंग्रज अबकारीला खुपलं. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. दारू गाळली का, हा प्रश्न मागे पडला. त्यामुळे मित्रांनो, जुन्या दप्तरात 'बेकायदा साठा' असं वाचलंत, तर आधी विचारा: हा साठा भट्टीसाठी होता, की पोटासाठी?