मुसीचा महापूर आणि आमची घरे

हैदराबादेत बिऱ्हाड थाटणारे आम्ही मराठी लोक जागा पाहावयास गेलो की पहिला प्रश्न करतो तो नळाच्या पाण्याचा. पावसाचे पाणी येथून कोणत्या वाटेने जाते, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो. या शहराचा इतिहास पाहता हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत, दि. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसी नदीला महापूर आला. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. मृतांची संख्या सुमारे १५,००० सांगितली जाते. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या आश्रयाने दीडशेच्या आसपास माणसे वाचली. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. त्यामुळे ही आपत्ती आपल्याला परकी नव्हती.

हा अनर्थ केवळ नदीने ओढवला नव्हता. वरच्या खोऱ्यात शेकडो तळी होती. अतिवृष्टीने त्यांपैकी कित्येकांचे बांध फुटले आणि ते सारे पाणी शहरावर लोटले. संस्थानाने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना पुण्याजवळ खडकवासला येथे स्वयंचलित दरवाजे बसविणारे हेच ते अभियंते. शहराच्या वरच्या अंगास पाणी अडवावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. दारात आलेले पाणी थोपविण्यापेक्षा ते दूरवरच अडविणे श्रेयस्कर, हा त्यातील बोध.

परंतु धरणे वरून येणारे पाणी अडवितात. शहरातच कोसळलेल्या पावसाला तळी व नाले हाच आधार. नल्लकुंटा, मासाब टँक ही नावे जुन्या तळ्यांचीच आठवण देतात. शहर वाढले, तसतशी अनेक तळी बुजली, नाले अरुंद झाले. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पाणी आपल्या जुन्या वाटेने परत आले, तेव्हा त्या वाटेवर लोकांचे संसार होते. त्यांत आमचेही होते, हे आम्ही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून घर घेताना ‘चेरुवू’ अथवा ‘कुंटा’ हा शब्द कानी पडला की थांबावे, जुन्या रहिवाशांस पूररेषा विचारावी. जोते रस्त्याहून उंच ठेवावे, विजेचे मीटर वर बसवावे, महत्त्वाचे कागद माळ्यावर ठेवावेत. नाल्यावर भिंत चढवू नये, शेजाऱ्यासही चढवू देऊ नये. गावी आपले वाडवडील मृगापूर्वी घर शाकारीत, तेव्हा स्वतःच्या छपराबरोबर आळीतील गटारही मोकळे करीत. मुलूख बदलला तरी ही रीत आम्ही सोडता कामा नये.