जलतरणपटू व धावपटू यांची शरीरप्रमाणे : एका कल्पनेचा इतिहास

इ. स. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेच्या जॉनी वाइसम्युलर याने १०० मीटरची मुक्त शैलीची पोहण्याची शर्यत ५८.६ सेकंदांत जिंकली, तर फिनलंडचा पाव्हो नुर्मी १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. वाइसम्युलर सुमारे १९० सेंटिमीटर उंचीचा व रुंद खांद्यांचा. नुर्मी त्याहून बराच ठेंगणा आणि शरीराने सडपातळ. याच सामन्यांच्या वेळी कोलराउश या जर्मन संशोधकाने तेथे जमलेल्या खेळाडूंची शरीरमापने घेतली आणि पुढील वर्षी देहाकृती व क्रीडाकौशल्य यांच्या संबंधावर आपला निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या खेळांतील श्रेष्ठ खेळाडूंची शरीरे निरनिराळ्या प्रमाणांची असतात, ही गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेला पूर्वीही जाणवत असे; परंतु मोजपट्टी हाती घेऊन तिचा पद्धतशीर शोध घेण्याची परंपरा मुख्यतः या सुमारास दृढ झाली. या परंपरेने काय सिद्ध केले आणि तिच्या आधारे सिद्ध न झालेले असे काय काय सांगितले गेले, याचा विचार मानवशास्त्राच्या अभ्यासकास उद्बोधक ठरेल.

एकोणिसाव्या शतकातील शरीरमापनाचा रोख याच्या अगदी उलट होता. बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले याने १८३५ मध्ये ‘सरासरी मानव’ ही कल्पना मांडली. मोजमापांची सरासरी म्हणजे निसर्गाचा आदर्श आणि तीपासून होणारे विचलन म्हणजे दोष, असा तिचा आशय होता. हार्वर्ड विद्यापीठातील व्यायामशिक्षक डडली सार्जंट याने विद्यार्थ्यांची असंख्य मापने जमविली. त्यांच्या सरासरीवरून घडविलेले पुतळे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले होते. व्यायामाचे ध्येय एकच प्रमाणबद्ध शरीर घडविणे हे असून, असे शरीर सर्वच खेळांना सारखे उपयोगी पडेल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. विसाव्या शतकाने ही श्रद्धा मोडीत काढली. नॉर्टन व ओल्ड्स या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, शतकभरात निरनिराळ्या खेळांतील अव्वल खेळाडूंची शरीरे एकमेकांपासून उत्तरोत्तर दूर सरकत गेली. स्पर्धांचे क्षेत्र जागतिक झाले, निवड कठोर झाली आणि ‘सरासरी’ शरीराची जागा विशिष्ट कामास अनुरूप अशा शरीराने घेतली.

या भिन्नतेचे कारण पाणी व जमीन या दोन माध्यमांच्या स्वरूपात आहे. पोहणारा मनुष्य पाण्याच्या पृष्ठभागावरून पुढे सरकताना लाटा निर्माण करतो व त्या लाटा उठविण्यात त्याची शक्ती खर्च होते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून असे दाखविले होते की, हा तरंगरोध जहाजाचा वेग व लांबी यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतो; लांब जहाजास अधिक वेग तुलनेने सुलभ होतो. हाच नियम मानवी देहासही लागू पडतो. याखेरीज छातीत हवा असल्याने शरीराचे उत्प्लावनकेंद्र गुरुत्वमध्याच्या किंचित वर, म्हणजे डोक्याच्या बाजूस असते. परिणामी पाय खाली जाऊ पाहतात आणि रोध वाढतो. धड लांब व पाय तुलनेने आखूड असल्यास देह अधिक आडवा राहतो. लांब हात व मोठे पंजे पाणी मागे ढकलण्यास साहाय्यभूत होतात, हे उघडच आहे.

धावण्याचे गणित वेगळे. येथे प्रत्येक पावलागणिक पाय मागून पुढे झोकावा लागतो; म्हणून पायाच्या वजनापेक्षाही ते वजन कोठे साठले आहे याला अधिक महत्त्व येते. तेवढेच वजन कमरेऐवजी घोट्यास बांधले असता धावण्यास लागणारी ऊर्जा कितीतरी अधिक वाढते, असे प्रयोगांनी दिसून आले आहे. त्यामुळे लांब पाय व बारीक पोटऱ्या यांचा लाभ होतो. लांब पल्ल्याच्या धावपटूस शरीरात निर्माण होणारी उष्णताही बाहेर टाकावी लागते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असलेला लहानखुरा देह हे काम चांगले करतो. पोहणाऱ्याच्या देहाभोवती पाणीच असल्याने त्याला ही अडचण सहसा भासत नाही.

या दोन शरीररचनांतील अंतर एका अलीकडील उदाहरणावरून स्पष्ट होते. २००८ साली बेजिंग येथे आठ सुवर्णपदके मिळविणारा मायकेल फेल्प्स १९३ सेंटिमीटर उंच, तर १९९८ साली १,५०० मीटरचे अंतर ३ मिनिटे २६ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज सुमारे १७६ सेंटिमीटर उंच. उंचीत इतका फरक असूनही दोघांच्या विजारीच्या पायाची लांबी सारखीच भरते, याकडे डेव्हिड एप्स्टाइन या लेखकाने २०१३ मध्ये लक्ष वेधले. म्हणजेच उंचीतील जवळजवळ सर्व फरक धडात सामावलेला आहे.

येथवरचे विवेचन पुराव्यावर भक्कमपणे उभे आहे. इंग्लंडमधील जे. एम. टॅनर याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील १३७ मैदानी खेळाडूंचा अभ्यास करून १९६४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दे गाराय व त्याच्या सहकाऱ्यांनी १,२६५ खेळाडूंचे परीक्षण केले. त्याचा अहवाल १९७४ मध्ये निघाला. अनुरूप देहयष्टी नसेल तर केवळ शिक्षणाच्या बळावर अत्युच्च पातळी गाठणे फार कठीण, हे अशा अभ्यासांतून निर्विवादपणे पुढे आले. मात्र अनुरूप देहयष्टी असली म्हणजे यश मिळतेच, असे त्यांतून निघत नाही. पुढे वारंवार विसर पडला तो नेमका या भेदाचा.

हा विसर विशेषतः वंशाच्या प्रश्नात महाग पडला. १९३० नंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय धावपटूंच्या यशाचे कारण त्यांच्या टाचेच्या हाडात व पोटरीत असल्याचे बोलले जाऊ लागले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ मॉन्टेग्यू कॉब याने जेसी ओवेन्सची प्रत्यक्ष मापने घेतली आणि १९३६ च्या आरंभी, म्हणजे बर्लिन ऑलिंपिकच्या काही महिने आधी, आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ‘निग्रो’ म्हणून वर्णिलेली पोटरी व टाच ओवेन्सच्या ठिकाणी नव्हती. आणि श्रेष्ठ कृष्णवर्णीय धावपटूंत समान असे एकही वांशिक शरीरलक्षण आढळत नव्हते. त्यानंतर १९३९ मध्ये एलिनॉर मेथेनी हिने कृष्णवर्णीय व गौरवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अंगप्रमाणांत सरासरी फरक असल्याचे दाखविले. टॅनरलाही तसे फरक दिसले. ही मापने आणि कॉबचा निष्कर्ष यांत वस्तुतः विरोध नाही. समूहांच्या सरासरीत फरक असू शकतो. परंतु विजेता हा सरासरीचा प्रतिनिधी नसून टोकाचा अपवाद असतो.

२०१० मध्ये एड्रियन बेजान, एडवर्ड जोन्स व जॉर्डन चार्ल्स यांनी हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या अंगाने पुन्हा मांडला. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांचा गुरुत्वमध्य समान उंचीच्या युरोपीय लोकांपेक्षा सुमारे ३ टक्के वर असतो आणि त्यामुळे धावण्यात १.५ टक्क्यांचा लाभ होतो. उलट धड लांब असल्याने युरोपीयांस पोहण्यात तितकाच लाभ मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन. त्यातील यंत्रशास्त्र सुसंगत आहे. तथापि लोकसमूहांच्या सरासरीवरून विजेत्यांच्या यादीचा उलगडा करताना तलावात उतरण्याची संधी कोणाला मिळाली, हा इतिहासाचा प्रश्न बाजूस पडण्याचा धोका असतो. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक तलाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीयांस बंद होते. ज्यांना पोहू दिले नाही त्यांच्या विजयांचा अभाव त्यांच्या देहावर लादणे हे शास्त्र नव्हे.

एप्रिल १९८७ मध्ये बेसबॉल क्षेत्रातील अल कॅम्पॅनिस या अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर असे विधान केले की, कृष्णवर्णीय लोक चांगले पोहू शकत नाहीत, कारण त्यांच्या अंगी तरंगण्याचा गुण नसतो. पुढच्याच वर्षी सेऊल ऑलिंपिकमध्ये सुरिनामच्या अँथनी नेस्टी याने १०० मीटर फुलपाखरू शर्यत ५३.०० सेकंदांत जिंकली. त्याच्याहून बराच उंच असलेला अमेरिकेचा मॅट बियाँडी ०.०१ सेकंदाने मागे राहिला. २०१६ मध्ये रिओ येथे सिमोन मॅन्युएल हिनेही १०० मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले. एका उदाहरणाने सरासरी खोटी ठरत नाही हे खरे. परंतु ‘अशक्य’ हा शब्द मात्र खोटा ठरतो.

मापनाचा दुसरा दुरुपयोग निवडीच्या क्षेत्रात संभवतो. पूर्व जर्मनीत १९७३ पासून शाळकरी मुलांची उंची, वजन व शारीरिक क्षमता तपासून त्यांना निरनिराळ्या खेळांकडे वळविण्याची देशव्यापी योजना राबविली गेली. तेथील जलतरणपटूंचे यश काही काळ या निवडीचे फळ मानले गेले. १९९० नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून मात्र अल्पवयीन मुलींनाही संप्रेरके दिली जात होती हे सिद्ध झाले. अर्थात त्या यशात मोजपट्टीचा वाटा किती, हे वेगळे काढणे आता शक्य नाही. आणि हानी झाली ती मोजल्या गेलेल्या मुलांची.

सारांश, शरीरप्रमाणांविषयीची तीन विधाने परस्परांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. पोहणे व धावणे यांस भिन्न प्रमाणे अनुकूल असतात, हे पहिले विधान यंत्रशास्त्र व मापन या दोहोंनी प्रस्थापित झाले आहे. लोकसमूहांच्या सरासरी प्रमाणांत फरक असतात, हे दुसरेही मान्य करता येईल. परंतु या दोहोंवरून अमुक समूहातील अमुक व्यक्ती काय करू शकेल हे सांगता येते, हे तिसरे विधान पहिल्या दोहोंतून निष्पन्न होत नाही. केतलेने सरासरीला आदर्श मानले, नंतरच्यांनी तिला भाकीत मानले. दोन्ही ठिकाणी चूक एकच, ती म्हणजे अनेकांच्या मापांतून काढलेला आकडा एका माणसावर लादणे. मोजपट्टी झालेल्या गोष्टीचे कारण शोधण्यास उपयुक्त आहे. तिने दार अडवू नये.