संथा आणि शिक्षक

त्र्यंबकेश्वरीं वेदपाठशाळेंत सकाळीं संथा चालते. गुरुजी चरण एकदां म्हणतात, शिष्य तोच दोनदां म्हणतो. स्वर ढळला कीं गुरुजी तेथेंच थांबवितात, शुद्ध म्हणून दाखवितात व पुन्हां म्हणवून घेतात. याच शिष्यानें पुढें धाकट्यांस संथा द्यावयाची असते. शिक्षक घडविण्याची ही फार जुनी शाळा होय.

सरकारी शाळांसाठीं शिक्षक तयार करण्याचें काम मुंबईंत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं झालें. तेथले शिक्षक १८२६ त दक्षिणेंत व गुजराथेंत धाडण्यांत आले. पुढें हर्बार्टची पंचपदी आली. अमेरिकेंत १९६८ त सुरू झालेल्या ‘फॉलो थ्रू’ प्रयोगांत एंगेलमन यांच्या पद्धतीनें शिक्षकाचीं वाक्येंसुद्धां आधीं ठरवून दिलीं. मुलांनीं एकसुरांत उत्तर द्यावें, चूक तत्क्षणीं सुधारावी, हा तिचा नियम. संथा ऐकलेल्यास हें नवें वाटणार नाहीं.

संथेंत उणें आहेच. तींत अर्थ विचारला जात नाहीं. स्त्रियांना व इतर जातींना तर ती शतकानुशतकें मिळालीच नाहीं.

पण आमच्या अध्यापक विद्यालयांत सुबक टांचणाला गुण मिळत. चुकणाऱ्या मुलाला कोठें थांबवावें, हें कोणीं शिकविलें नाहीं. तें मीं नोकरींत असतांना एका वैदिकांजवळ बसून पाहिलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत एकोणतीसचा पाढा तसाच घेतला. मुलें नेमकीं कोठें अडखळतात, तें मला त्या दिवशीं प्रथम ऐकूं आलें.