अमेरिकन पर्कशन रिव्हॉल्व्हर : ओळख आणि कालनिश्चिती

ठासणीच्या बंदुकीची रीत आणि फिरते सिलिंडर यांचा मेळ घातलेले, केपवर उडणारे एकोणिसाव्या शतकातील हत्यार. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू व शिशाची गोळी घालून ती नळीखालच्या दट्ट्याने ठासतात आणि मागच्या निपलवर स्फोटक भरलेली तांब्याची केप बसवतात. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरते. चाप दाबला की घोडा केपवर आपटून बार उडतो.

कालमर्यादा : सॅम्युएल कोल्ट यांना अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ रोजी पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील पॅटरसन येथील त्यांचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. १८४७ च्या ‘वॉकर’ या अवजड नमुन्याने धंदा पुन्हा उभा राहिला आणि पुढे कनेक्टिकटमधील हार्टफर्ड हे कोल्टचे घर झाले. १८५७ मध्ये पेटंट संपताच इतर कारखानदारांना रान मोकळे झाले. दुसरीकडे, आरपार भोक असलेल्या सिलिंडरचे रोलिन व्हाइट यांचे १८५५ चे पेटंट स्मिथ अँड वेसन कंपनीच्या हाती होते. त्यामुळे १८६९ पर्यंत मागून काडतूस भरायचे रिव्हॉल्व्हर इतरांना मोकळेपणाने काढता येत नव्हते. यादवी युद्धात (१८६१–६५) केपची रिव्हॉल्व्हर सर्वत्र दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे उत्पादन थांबत गेले.

घडणीवरून ओळख : प्रथम सांगाडा पाहावा. कोल्टच्या बहुतेक नमुन्यांत सिलिंडरवरून पट्टी जात नाही. नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते आणि पाचर ठोकून काढली की सुटी होते. न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टनच्या लष्करी नमुन्यांत सिलिंडरवर भक्कम पट्टी असते. नंतर नळीचा आकार आणि व्यास पाहावा. १८५१ चे कोल्ट ‘नेव्ही’ .३६ इंच व्यासाचे व अष्टकोनी नळीचे, तर १८६१ चे ‘नेव्ही’ त्याच व्यासाचे पण गोल नळीचे आहे. १८६० चे ‘आर्मी’ .४४ इंचाचे असून त्याचे सिलिंडर मागे बारीक व पुढे जाड असते. ‘नेव्ही’ आणि ‘आर्मी’ ही नावे व्यासाची खूण म्हणून घ्यावीत. ‘नेव्ही’ पायदळातल्या व घोडदळातल्या माणसांनीही वापरले.

कोल्टच्या सिलिंडरवर दाबून उठवलेली चित्रेही उपयोगी पडतात. वॉकर व ड्रॅगून नमुन्यांवर टेक्सासचे रेंजर व मूळनिवासी यांची चकमक, १८४९ च्या खिशातल्या नमुन्यावर घोडागाडीवरचा दरोडा, तर ‘नेव्ही’ व ‘आर्मी’वर टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांची लढाई दिसते.

कोरलेल्या तारखांचा चकवा : हत्यारावर कोरलेली तारीख म्हणजे घडणीची तारीख, ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे. कोल्टचे १८६० चे ‘आर्मी’ हातात घेतले, तर सिलिंडरवर १६ मे १८४३ ही तारीख आढळते; ती चित्रातल्या सागरी लढाईची आहे. शेजारीच १० सप्टेंबर १८५० दिसते. ती पेटंटची आहे. त्या नमुन्याचे उत्पादन १८६० मध्ये सुरू झाले. आणि अंगावरचा क्रमांक एक लाखाच्या आसपास असेल, तर ते बहुधा १८६३ मध्ये घडले. एका वस्तूवर चार काळ, पण जन्मवर्ष सांगतो तो फक्त शेवटचा. रेमिंग्टनच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’वर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख असल्याने त्याला सर्रास ‘१८५८ चे रेमिंग्टन’ म्हणतात. प्रत्यक्षात ते १८६३ पासून बनू लागले.

क्रमांक आणि पत्ता : कोल्टच्या मुख्य नमुन्यांची क्रमांकमाला स्वतंत्र आहे. म्हणून आधी नमुना ठरवावा, मगच क्रमांक तक्त्यात शोधावा. उलट केले तर वर्ष हमखास चुकते. सांगाडा, नळी, चापाभोवतीचे कडे, मुठीची पट्टी व सिलिंडर यांवरचे क्रमांक जुळतात का, हेही पाहावे. एखादा वेगळा निघाला, तर तो भाग मागाहून बसवलेला असण्याची शक्यता मोठी. नळीवरचा पत्ता हा दुसरा पुरावा होय. १८५१ च्या ‘नेव्ही’वर सुरुवातीला न्यूयॉर्क सिटी, सुमारे ७४,००० व्या क्रमांकानंतर हार्टफर्ड आणि सुमारे १,०१,००० नंतर ‘न्यूयॉर्क, यू.एस. अमेरिका’ असा पत्ता येतो. लंडनचा पत्ता असेल, तर ते कोल्टच्या तिथल्या १८५३–५६ या काळातल्या कारखान्याचे असू शकते. लष्कराने घेतलेल्या हत्यारांच्या लाकडी मुठीवर तपासनिसाचा शिक्का असतो.

नकला आणि फेरफार : यादवी युद्धात दक्षिणेकडे लोखंडाची टंचाई होती. जॉर्जियातील ग्रिसवोल्ड अँड गनिसन कारखान्याने कोल्टच्या धर्तीची, पण पितळी सांगाड्याची सुमारे ३,७०० रिव्हॉल्व्हर बनवली. ती दुर्मीळ असल्याने त्यांच्या बनावट प्रती फार. बेल्जियममधील लिएज येथील जुन्या नकला तिथल्या चाचणीगृहाच्या शिक्क्यावरून ओळखता येतात. १९५० नंतरच्या दशकांत इटलीत बनलेल्या प्रतिकृतींवर गार्दोने येथील चाचणीचे शिक्के असतात. फसवणूक करणारे ते कानशीने घासून काढतात. म्हणून शिक्क्याच्या जागी धातू खोलगट वा वेगळ्या झळाळीचा दिसला, तर सावध व्हावे. काडतुसासाठी बदललेले केपचे रिव्हॉल्व्हर मात्र बनावट नव्हे. कोल्टने १८७१ नंतर असे बदल स्वतःच केले. अशा नगाला घडणीचे व बदलाचे अशी दोन वर्षे द्यावी लागतात.

हाताळणी : जुन्या रिव्हॉल्व्हरची घरे अजून भरलेली असू शकतात. निपलवर केप नाही, एवढ्यावरून ते रिकामे समजू नये. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय घोडा ओढू नये. गंज काढण्यासाठी घासूपुसूही नये. सिलिंडरवरचे चित्र केसाइतक्या बारीक रेघांचे असते. एकदा घासले गेले की पुढच्या तपासणाऱ्याच्या हाती फक्त क्रमांक उरतो, आणि तोही खरा की मागाहून ठोकलेला हे पडताळायचा एक मार्ग कायमचा बंद होतो.