सरळ रेषेचें प्रेम

भूमिति आणि प्रेम यांची सोयरीक जुळविण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. भूमितीचा सगळा व्यवहार सिद्धतेवर चालतो. प्रेमाला सिद्धतेचें वावडें. तथापि १९६३ सालीं अमेरिकेंत 'द डॉट अँड द लाइन' या नांवाचें एक चिमुकलें सचित्र पुस्तक प्रसिद्ध झालें आणि त्यानें हीं दोन टोकें हसतखेळत एकत्र आणलीं. ग्रंथकार नॉर्टन जस्टर (१९२९–२०२१) हा व्यवसायानें वास्तुशिल्पज्ञ होता. 'द फॅन्टम टोलबूथ' (१९६१) ही त्याची मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी आधींच वाचकांपुढें आलेली होती. रेघा ओढणें हाच ज्याचा व्यवसाय, त्याला रेघेच्या मनांत डोकावावेंसें वाटलें, यांत नवल नाहीं.

मराठींत रेषा स्त्रीलिंगी आणि बिंदु पुल्लिंगी. या पुस्तकांत मात्र रेषा हा नायक आणि बिंदु ही नायिका आहे. नायक सरळ, सभ्य, पण ताठ. नायिकेला त्याचा कंटाळा येतो. तिचें मन जडलें आहे तें एका वेड्यावांकड्या वेटोळ्यावर; कारण तें स्वच्छंद आहे, नाचरें आहे. एखादी चांगली सरळ रेषा पाहून संसार थाटावा, असा उपदेश मित्र नायकाला करतात. तो ऐकत नाहीं. आपण मोठे पराक्रमी पुरुष आहों, अशीं स्वप्नें रंगवून तो कांहीं काळ मनाची समजूत घालतो. पण स्वप्नांनीं ताठपणा जात नाहीं.

अखेरीस एके दिवशीं सारी एकाग्रता पणास लावून तो स्वतःला एका ठिकाणीं वांकवितो. एक कोन तयार होतो! त्या आनंदाच्या भरांत तो इतके कोन करीत सुटतो, कीं त्याचाच गुंता होतो. स्वातंत्र्य म्हणजे बेबंदपणा नव्हे, हें तेव्हां त्याच्या ध्यानांत येतें. मग नियमानें अभ्यास सुरू होतो. त्रिकोण, चौरस, षट्कोन साधतात. पुढें वर्तुळें आणि लंबवर्तुळेंहि साधतात. आकृत्या इतक्या गुंतागुंतीच्या होतात, कीं आपल्या भुजांना व कोनांना अक्षरें दिल्यावांचून त्याचा त्यालाच ठाव लागत नाहीं. हें सारें पाहून नायिका थक्क होते. वेटोळ्यावर कांहीं करून दाखविण्याचा प्रसंग येतो तेव्हां त्याला कांहींच साधत नाहीं. ज्याला आपण मोकळेपणा समजत होतों, तो निव्वळ गोंधळ आणि आळस होता, हें तिला उमगतें.

आकृत्यांना माणसांचे गुणदोष देण्याची ही युक्ति नवी नव्हती. एडविन ॲबट या लंडनच्या शाळाप्रमुखानें १८८४ सालींच 'फ्लॅटलँड' या पुस्तकांत द्विमितीचें एक राज्य वसविलें होतें. तेथें स्त्रिया म्हणजे सरळ रेषा, सैनिक व मजूर म्हणजे अरुंद त्रिकोण, सभ्य गृहस्थ म्हणजे चौरस आणि धर्मगुरु म्हणजे वर्तुळें. जिचे कोन विषम असतील ती व्यक्ति समाजाच्या लेखीं गुन्हेगारच. तत्कालीन इंग्लंडच्या वर्गभेदावर तो बोचरा उपहास होता. ॲबटच्या राज्यांत आकार हें जन्मानें मिळालेलें प्राक्तन आहे. जस्टरच्या पुस्तकांत तो कष्टानें मिळविलेला गुण आहे. ऐंशी वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या या दोन पुस्तकांतला खरा भेद हाच.

येथें एक शंका उभी राहते. प्रेमाखातर स्वतःचा आकार बदलणें ही शरणागति नव्हे काय? नायकानें वेटोळ्याचें अनुकरण केलें असतें, तर ती खचित शरणागति झाली असती. परंतु त्यानें आपला नेमकेपणा सोडला नाहीं. त्याच नेमकेपणांतून त्यानें नवे आकार काढले. ज्या गुणाला लोक नीरसपणा म्हणत होते, तोच त्याचें भांडवल ठरला. जस्टरनें पुस्तक युक्लिडला अर्पण केलें, तेंहि याच भावनेला साजेसें आहे.

१९६५ सालीं चक जोन्स यानें एम-जी-एम कंपनीसाठीं या कथेचा सुमारें दहा मिनिटांचा बोलपट काढला. रॉबर्ट मॉर्ले याच्या आवाजांत निवेदन होतें. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट व्यंगचित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक त्याला मिळालें. पडद्यावर ना चेहरा, ना डोळे, ना अश्रु. एक रेघ, एक ठिपका आणि एक वेटोळें एवढींच पात्रें. तरी त्या रेघेचा संकोच आणि पहिला कोन साधल्यावरचा तिचा हर्ष प्रेक्षकाला कळतो. कारण आपल्याच ताठपणाशीं झगडल्याचा अनुभव बहुतेकांच्या गांठीं असतो.